टपावरचा चिखल

लवर्ना आत्या,

नमस्कार. आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन तुला माहीत आहेच, आणि शाळा सोडल्यावर ते सुधारायला काही कारण मिळालेलं नाही. शिवाय हे सगळं मी फोनवर एका बोटानं लिहितेय (दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला पट्टी आहे, का ते पुढे येईल), त्यामुळे फार वेळ लागतोय. जिथं वेलांटी चुकली असेल तिथं मी रागात होते असं समज, आणि जिथं बरोबर असेल तिथं ती फोननं आपोआप दुरुस्त केली असं समज.

तुझा खोकला कसा आहे? आजी म्हणत होती की या वसंतात तुला झाडांच्या परागांचा फार त्रास झाला आणि तू चर्चमध्ये शिंकलीस तेव्हा बिशपचं भाषण थांबलं. (ते ऐकून मला बरं वाटलं. त्रास झाला म्हणून नाही, भाषण थांबलं म्हणून.) मांजरं बरी असतील. जी चावते तीसुद्धा. इकडे सगळे ठीक आहेत. मी ठीक नाही. मी रागावलेय, आणि गेल्या शनिवारपासून रागावलेलीच आहे, आज शुक्रवार आहे. मला तुझ्याकडून काही नकोय. फक्त कुणालातरी सगळं सांगायचंय, आणि समोरासमोर मला कुणालाच काही सांगता येत नाही हे तुला माहीत आहे. पप्पांना फोन करू नकोस. तुझे धाकटे भाऊ आहेत ते, तू फोन केलास की ते गप्प ऐकून घेतात आणि मग दोन दिवस घरात कुणाशी बोलत नाहीत, आणि घरात आजी सोडली तर मीच असते.

तर आजीची ती जुनी जीपसारखी गाडी, स्काउट. तुला आठवत असेल, मागच्या शेडमध्ये होती, आत कोंबड्या झोपायच्या. दोन वर्षांपूर्वी पप्पांनी ठरवलं की तिला उभी करायची, नवीन इंजिन घालायचं आणि मोआबला जुन्या गाड्यांचा वसंत मेळावा असतो त्यात दाखवायची. शेड झाडायला मला लावलं. (कोंबड्यांनी सीटखाली काय काय केलं होतं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.) इंजिन मिळालं प्राइस गावातल्या भंगारवाल्याकडे, मागून चेपलेल्या एका पिकअपचं, पाच-सहा वर्षांचंच, आठ सिलिंडरांचं व्ही-एट. जुन्या इंजिनाला चुलीइतकी अक्कल होती, पेट्रोल घाल, ठिणगी दे, चाललं. नव्याला कॉम्प्युटर असतो. आणि कॉम्प्युटरला वायरी असतात. पिकअपमधून वायरींचा जो जुडगा निघाला तो आम्ही जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि तो तिथं आठ महिने होता. आठ महिने आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. पप्पा त्याला 'तुझा साप' म्हणायचे. मी एकेक वायर काढून, चिठ्ठी लावून, कुठली लागते आणि कुठली नाही ते बघत बसायचे. कारण कॉम्प्युटर अजून स्वतःला पिकअपमध्येच समजत होता. तो विचारायचा, मागचं डावं दार उघडं आहे का? स्काउटला दारंच दोन! तो विचारायचा, पुढच्या सीटवर माणूस बसलाय का, पट्टा लावलाय का, मागचा कॅमेरा कुठाय? आणि उत्तर मिळालं नाही की रुसायचा, इंजिन सुरूच होऊ द्यायचा नाही. आत्या, मला त्याचा राग नाही आला. मला तो समजला. त्याला फक्त एकेक प्रश्न नीट सोडवून द्यायचा होता, कुणी ओरडायचं नव्हतं, कुणी वर्गासमोर उभं करायचं नव्हतं.

पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा दुपार होती आणि पप्पा गाडीच्या खाली होते. ते उठायला गेले आणि डोकं आपटलं, आणि डोकं धरूनच हसत बाहेर आले आणि म्हणाले, "रेन्ना! सापानं फणा काढला की गं!" तेवढंच. माझ्यासाठी पुष्कळ होतं तेव्हा. हेही लिहिते की चेसिसचं सगळं वेल्डिंग पप्पांनी केलंय, इंजिन बसायला नव्या पट्ट्या त्यांनीच घडवल्या, आणि काम चांगलं आहे. ते चांगलं आहे हे मान्य करावं लागतंय याचाही मला राग आहे.

इथपर्यंत ठीक होतं. मग रंग आला. मी म्हटलं होतं (म्हणजे मनात म्हटलं होतं, आणि एकदा चिठ्ठीवर लिहून फ्रिजला लावलं होतं) की जुना रंग राहू दे. ओरखडे राहू देत, आजीनं ते कमावलेत. पप्पांनी नारिंगी रंग दिला. संत्र्यासारखा नाही, रस्ता खोदताना लावतात ना ते शंकू, तसला. आणि रंग दिल्या दिवसापासून माणूस बदलला. गाडीजवळून जाताना श्वास रोखून जायचे. मी बटणाची जीन्स घातली तर "लांब उभी राहा!" आजीनं बॉनेटवर हात ठेवला तर तिच्यामागून फडकं घेऊन पुसायचे. ज्या माणसानं जन्मभर ट्रेलरवर गाडी आणणाऱ्यांची टर उडवली, मोआबच्या रस्त्यावर असली गाडी दिसली की काच खाली करून "काय, राणीसाहेब पालखीतून निघाल्या वाटतं?" असं ओरडायचा, तो माणूस मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात शेजाऱ्याकडे ट्रेलर मागायला गेला. वाटेत खडी उडेल म्हणून.

मला बोलायचं होतं. मेळाव्यात मुख्य बक्षीस 'चालवत आणलेल्या' गाड्यांना असतं, आणि आमचं नाव त्यातच दिलेलं होतं. दोन वर्षं मी त्या वायरी कशासाठी जोडल्या? गाडी चालावी म्हणून. तिला बाळासारखी गुंडाळून नेण्यासाठी नाही. पण मी बोलले नाही. ट्रेलरच्या पट्ट्या आवळायला मदत केली. (त्याचा राग वेगळा आहे, तो माझा माझ्यावर आहे, त्याचा हिशेब मी नंतर बघेन.)

शनिवारी सकाळी आठला मोआबच्या एक मैल अलीकडे एका पेट्रोल पंपामागे पप्पांनी ट्रेलर थांबवला आणि स्काउट उतरवली. इथून चालवत मैदानात शिरायचं म्हणजे चालवत आणल्यासारखंच, असं त्यांचं म्हणणं. मग लांब जाऊन तिच्याकडे बघितलं आणि चेहरा पडला. गाडी आरशासारखी चकचकत होती. आजूबाजूनं बाकीच्या गाड्या जात होत्या, काचांपर्यंत लाल धूळ, चाकांत दगड अडकलेले, आणि त्यांच्यामध्ये आमची, दुकानातून आणलेल्या फळासारखी. मी म्हटलं झालं, आता माघारी जाऊ. पण पप्पांनी ट्रेलरवरून दोन बादल्या काढल्या. बादल्यांत चिखल. घरून आणलेला! घरामागच्या टेकडीचा, करडा, पाणी घालून कालवलेला, वर ओलं पोतं झाकलेलं. म्हणजे हे आधीच ठरलं होतं. म्हणजे हा माणूस घरून निघतानाच चिखलाची तयारी करून निघाला होता, आणि मला सांगितलं होतं की बादल्यांत 'थोडं सामान' आहे.

"पप्पा," मी म्हटलं, "इकडची माती लाल आहे."

"चिखल तो चिखल. वाळल्यावर कोण बघतंय?"

आत्या, मोआबमध्ये सगळे बघतात. तिथं दुसरं काही बघतच नाहीत. पण त्यांनी हातानं माखायला सुरुवात केली. दारांवर, बॉनेटवर, आणि मग जोर चढला तसं टपावरसुद्धा फेकला. मग म्हणाले, समोरून पाण्यात घुसल्यासारखं दिसलं पाहिजे, आणि उरलेली अख्खी बादली त्यांनी समोरच्या जाळीवर ओतली. फाडकन. मी बघत उभी होते. तू लहानपणी तिथंच खेळलीस म्हणजे तुला आपल्या टेकडीचा चिखल माहीत आहे. ओला असेपर्यंत लोणी, आणि उन्हात वाळला की सिमेंट. आणि जाळीच्या मागे काय असतं? रेडिएटर. मच्छरदाणीसारख्या बारीक जाळ्यांचा. मी त्या वेळी हे म्हणायला हवं होतं. मी म्हणणार होते. तोंड उघडलं पण होतं. पण पप्पा इतके खूश दिसत होते, कोपरापर्यंत करडे हात, की मी तोंड मिटलं.

मैदानाच्या फाटकावर एक म्हातारा बसला होता, गवताची टोपी, मांडीवर यादी. पप्पांनी काच खाली केली.

"चालवत आणली?" म्हातारा म्हणाला.

"चालवत तर! घरून, कॅसल डेलहून. मागच्या कच्च्या रस्त्यानं."

म्हातारा उठला. सावकाश. गाडीभोवती एक फेरी मारली. दारावरचा चिखल नखानं खरवडला, बोटांत चोळला, वास घेतला. मग वाकून खाली बघितलं, अॅक्सलकडे, चाकांच्या वरच्या कमानीत. तिथं एक ठिपकासुद्धा नव्हता, तिथला रंग नवा कोरा चमकत होता. मग टपाकडे बघितलं. आणि मागच्या रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, उलटी चालवत आणलीत काय?"

मागे कुणीतरी हॉर्न वाजवला. मग सगळ्यांनीच वाजवला. एक बाई हसता हसता गाडीतून खाली उतरली. पप्पांचे कान शेंदरी झाले, गाडीच्या रंगाचे. म्हाताऱ्यानं यादीतलं आमचं नाव खोडलं आणि 'इतर' असं लिहिलं. 'इतर'मध्ये आणखी एकच गाडी होती, आईस्क्रीमची.

एवढ्यावर मी रागावले नसते. खरंच सांगते. एवढं हसण्यासारखं होतं, आणि मी आतल्या आत थोडी हसलेही. राग पुढचा आहे.

बॉनेट उघडून गाडी उभी केली. अकराच्या सुमाराला एक बाई आल्या, पन्नाशीच्या, केसांत पेन्सिल, हातावर जुन्या भाजल्याच्या खुणा. डोलोरेस मायेस्टस. (तुझ्या ग्रँड जंक्शनमध्ये त्यांचं वायरिंगचं दुकान आहे, रेल्वेच्या बाजूच्या गल्लीत. जुन्या गाड्यांना नवी इंजिनं बसवतात त्यांचं सगळं वायरिंग त्या करतात. मी त्यांचे व्हिडिओ बघून शिकलेय, प्रत्येक चार-पाच वेळा. त्यांचा आवाज मला आजीच्या आवाजासारखा ओळखू येतो.) त्यांनी रंग बघितला नाही. चिखल बघितला नाही. थेट वाकल्या आणि माझ्या वायरींवरून बोट फिरवत निघाल्या, कॉम्प्युटरपासून फ्यूजच्या डब्यापर्यंत, डब्यापासून मागे, जिथं जिथं मी कापडी पट्टी गुंडाळली होती तिथं थांबत. कुणी माझी वही वाचतंय आणि हसत नाही असं मला वाटलं. मग सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "दुकानात एक जागा आहे. पुढच्या शुक्रवारपर्यंत माणूस ठरवायचाय. हे कुणी केलं?"

मी दोन फुटांवर होते. हातात नारळाचं सिरप घातलेला सोडा होता. आत्या, मला ती जागा हवी आहे. ते इथं स्पष्टच लिहिते, दुसरीकडे कुठं मी ते बोललेले नाही. मला आयुष्यात एवढी एकच गोष्ट नीट येते आणि ती जिथं करतात ती जागा मला हवी आहे. मी सोड्याची नळी तोंडातून काढली.

"मी," पप्पा म्हणाले.

मी नळी परत तोंडात घातली.

त्यांनी पप्पांना विचारलं, टाकीतल्या पेट्रोल पंपाची अर्थिंगची वायर चेसिसला न लावता थेट बॅटरीपर्यंत का नेली? पप्पांनी त्या वायरीकडे बघितलं, जशी काही पहिल्यांदाच ओळख होतेय (होतच होती), आणि म्हणाले, "हौस." हौस! चेसिसला नवा रंग दिला होता म्हणून नेली, रंगावर अर्थिंग धरत नाही म्हणून! मायेस्टसबाईंनी भुवया वर केल्या, आपलं कार्ड फ्यूजच्या डब्यावर ठेवलं आणि पुढच्या गाडीकडे गेल्या. मला वाटतं पप्पांनी मुद्दाम चोरलं नाही. कुणी चांगलं म्हटलं की त्यांच्या तोंडून 'मी' निघतं, शिंक निघावी तसं. पण शिंक आली तर माणूस तोंड दुसरीकडे वळवतो.

बारा वाजता सगळ्या गाड्यांनी मैदानाच्या टोकाचा खडक चढून दाखवायचा होता. आईस्क्रीमच्या गाडीला माफ होतं, आम्हाला नव्हतं. तोवर ऊन कडक झालं होतं आणि रेडिएटरवर चिखलाची भिंत तयार झाली होती. पप्पा निघाले. निम्म्यापर्यंत सुंदर चढली. मग तापमानाचा काटा वर गेला, दोन्ही पंखे भणभणायला लागले, वारा आत शिरेना, आणि कॉम्प्युटरनं करायचं तेच केलं, इंजिनाची ताकद काढून घेतली. म्हणजे इंजिन जळू नये म्हणून. मी ती तापमानाची वायर त्यासाठीच तर जोडली होती! गाडी खडकाच्या मधोमध म्हाताऱ्या गाढवासारखी थांबली. वाफ. दोनशे माणसं. निवेदक भोंगा घेऊन चढला आणि पप्पांच्या तोंडापुढे माईक धरला, काय झालं काका?

आणि पप्पा भोंग्यावरून म्हणाले, "वायरिंग! वायरिंगनं दगा दिला. माझ्या पोरीनं केलंय ना वायरिंग!"

एका तासात, आत्या. अकराला 'मी', बाराला 'माझी पोरगी'. दोन वर्षांत माझं नाव घ्यायला हीच वेळ सापडली. आणि वर निवेदकाच्या खांद्यावर हात टाकून हसले, "शिकतेय अजून." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला प्रोत्साहन म्हणून! ज्या वायरिंगनं त्यांचं इंजिन वाचवलं त्याची दया येऊन टाळ्या!

मायेस्टसबाई खडकाच्या पायथ्याशी होत्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू केलंस?" मी मान हलवली. एवढंच हललं माझं. "रेडिएटर बघा" हे दोन शब्द होते, माझ्याकडे तयार होते. त्या म्हणाल्या, "हं." आणि गेल्या. सहा दिवस मी त्या 'हं'चा विचार करतेय. 'हं, म्हणूनच बंद पडली' असा होता, की 'हं, मला वाटलंच तुझा बाप खोटं बोलतोय' असा होता, की नुसताच घशात धूळ गेल्याचा होता. भांडी घासताना मी तो वेगवेगळ्या आवाजात म्हणून बघितलाय. आजीनं विचारलं, पोट दुखतंय का?

घरी आल्यावर रविवारी प्रार्थनेनंतर मी तो चिखल काढायला बसले. पाण्यानं निघेना. स्क्रूड्रायव्हरनं काढला, तेव्हा अंगठा कापला. पप्पा आले, बघितलं, करडा ढेकळांचा ढीग बघितला, रेडिएटर बघितला. त्यांना कळलं. मला दिसलं त्यांना कळलेलं. म्हणाले, "अच्छा, म्हणजे वायरिंग नव्हतं तर." आणि मी वाट बघितली. आणि ते म्हणाले, "जेवायला काय आहे?"

चीज-बटाटे होते. मी त्यांच्या ताटात जळकी कड वाढली. माझं भांडण तेवढंच.

असो. लिहिल्यावर बरं वाटलं. खोकल्याला जप, गरम पाणी पी. काही करू नकोस, मला खरंच काही नकोय.

तुझी भाची,
रेन्ना

ता. क. हे खोटं आहे, मला हवंय. मी ग्रँड जंक्शनमध्ये आहे. मायेस्टसबाईंच्या दुकानासमोर, स्काउटमध्ये, सव्वानऊपासून. आता पावणेबारा झालेत. पप्पा ड्यूटीवर गेले तशी चावी घेतली, आजीनं फाटक उघडलं. एकशे साठ मैल चालवत आणली, काटा जागचा हलला नाही. पण दुकानाचं दार मला उघडता येत नाहीये. तीनदा रस्ता ओलांडून परत आलेय. तुझं घर इथून चार चौक आहे. तू ये. माझ्याबद्दल काही सांगू नकोस, फक्त दार उघड आणि 'ही माझी भाची' एवढंच म्हण, पुढे मी मान हलवेन. चपला घालून ये, सपाता घालून नको.

ता. क. २. पाठवायचं बटण दाबणार तेवढ्यात मायेस्टसबाई बाहेर आल्या. माझ्याकडे न बघता गाडीपुढे उभ्या राहिल्या आणि बॉनेटवर टकटक केली. मी आतून खटका ओढला. बॉनेट वर गेलं आणि त्या दिसेनाशा झाल्या. मला समोर फक्त नारिंगी पत्रा, आणि पत्र्यापलीकडून तो व्हिडिओतला आवाज. शनिवारी काय झालं होतं, विचारलं. मी म्हटलं, रेडिएटरमध्ये चिखल, पप्पांनी ओतलेला, वायरिंग बरोबर होतं, त्यानंच इंजिन वाचवलं. इतकं सगळं! पत्र्याला सांगायला काहीच वाटत नाही, आत्या. मग त्यांनी रिले इथं का, फ्यूज एवढा का, असे अकरा प्रश्न विचारले आणि मी अकराही सांगितले. मग म्हणाल्या, सोमवारी आठला ये, डबा आण. बॉनेट खाली घेतलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला एकदम काही सुचेना, पण तोवर झालं होतं. त्या आत गेल्यात म्हणून हे लिहितेय. तेव्हा तू येऊ नकोस. खरंच नको, तू आलीस तर बोलशील. सोमवारपासून मला तुझ्याकडे राहायला मात्र लागेल. चावणारं मांजर बाहेर ठेव.

ता. क. ३. आजीचं लग्न ठरलंय, मधमाश्या पाळणाऱ्या थेरन ऑलरेड म्हाताऱ्याशी. उद्या सकाळी अकराला. तुला कुणी कळवलं नसेल तर.